नाईक नाइकाला काय शिकवितो

गिरणेच्या काठचा भडगांवचा शेतकरी कपाशीचें नवें बियाणें एकदम सगळ्या शेतांत टाकीत नाहीं. दुकानदारानें सांगितलें किंवा पत्रकांत छापून आलें, एवढ्यानें त्याची खात्री पटत नाहीं. तो आधीं शेजारच्या बांधावर जाऊन उभा राहतो. शेजाऱ्याची जमीन याच्यासारखीच, विहिरीचें पाणी याच्याइतकेंच, आणि पीक बुडालें तर तें सोसण्याची ताकदही याच्याएवढीच. इ. स. १८७० च्या सुमारास याच भडगांवास सरकारनें नमुन्याचें एक मोठें शेत चालविलें होतें. अशा शेतांवर जें पिकवून दाखवीत तें खोटें नसे. परंतु त्या पिकामागें सरकारचा खजिना उभा आहे, ही गोष्ट कुणब्याच्या दृष्टीआड होणें कठीण. बरोबरीच्या माणसाकडून आलेलें ज्ञान लौकर पटतें, याचें कारण तो अधिक शहाणा असतो हें नव्हे. तो त्याच अडचणींत सांपडलेला असतो, हें आहे.

सैन्याचेंही असेंच आहे. फरक इतकाच कीं, शेतकऱ्याचा धडा चुकला तर एक हंगाम जातो. सैन्यांत धडा चुकला, किंवा शेजारच्या तुकडीला माहीत असलेला धडा आपल्यापर्यंत पोंचला नाहीं, तर माणसें जातात.

घरोघरीं लढायांच्या गोष्टी निघतात त्या बहुधा सेनापतींच्या. वर्तमानपत्रांतील नकाशावर बाण काढलेले असतात आणि ते बाण जणूं आपोआप पुढें सरकतात असें वाचणाऱ्यास वाटतें. प्रत्यक्षांत बाणाचें टोंक म्हणजे दहा माणसें आणि त्यांचा नाईक. ओढ्याच्या वळणापलीकडे काय आहे हें सेनापतीला दिसत नाहीं, कंपनीच्या कप्तानालाही पुष्कळदां दिसत नाहीं; तें नाइकाला दिसतें, आणि निर्णय करावयास त्याला श्वास घेण्याइतकाही वेळ नसतो. त्या क्षणीं त्याच्या हाताशीं काय असतें? शिक्षणकेंद्रांत घोकलेले नियम असतात, सुभेदारसाहेबांनीं सांगितलेल्या दोन गोष्टी असतात, आणि असलीच तर मागच्या महिन्यांत दुसऱ्या एखाद्या नाइकानें अशाच वळणावर काय केलें याची आठवण असते. या तिसऱ्या ठेव्याचा हा विचार आहे.

नाईक आणि हवालदार हे शब्द महाराष्ट्रास नवे नाहींत. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या आपल्या बखरींत कृष्णाजी अनंत सभासदानें शिवाजी महाराजांच्या पायदळाची रचना सांगितली आहे. नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, पांच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी, अशी ती उतरंड. आजच्या पायदळांतही एका सेक्शनची माणसें दहाच्या आसपासच असतात आणि त्यांचा म्होरक्या नाईक किंवा हवालदार असतो. तीन-सव्वातीनशें वर्षांत तोफा बदलल्या, घोडीं गेलीं, विमानें आलीं. परंतु एका माणसाच्या हांकेंत आणि नजरेंत रहाणारी माणसें किती, हा आंकडा कांहीं फारसा बदलला नाहीं. तो माणसाच्या घशानें आणि डोळ्यानेंच ठरविलेला दिसतो. महाराजांनीं गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी ठेवले, त्यांत मुख्य हेतु फितुरीस वाव राहूं नये हा होता. पण तीन बरोबरीचीं माणसें एका तटाच्या आंत वर्षभर राहिलीं म्हणजे एकाला कळलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानीं गेल्याशिवाय रहात नाहीं, हाही त्याचा एक फायदा असावा.

खानदेशापुरतें बोलावयाचें तर याहून जवळचें उदाहरण आहे. भडगांवाहून एरंडोलच्या वाटेनें उत्तरेस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गेलें कीं धरणगांव लागतें. पेशवाई बुडाल्यानंतर सातपुड्यांतील आणि सातमाळ्यांतील भिल्लांना वठणीवर आणण्यासाठीं कंपनी सरकारनें पलटणी पाठविल्या. त्यांतील पुष्कळ शिपाई तापानेंच आडवे झाले. शेवटीं मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं वेगळी युक्ति काढली, आणि इ. स. १८२५ मध्यें बावीस वर्षांच्या जेम्स औट्राम नांवाच्या लेफ्टनंटास भिल्लांचीच एक पलटण उभारण्यास धाडिलें. धरणगांव हें तिचें ठाणें. आरंभीं बोटांवर मोजण्याइतके भिल्ल आले. सरकार आपल्याला एकत्र करून मारणार ही धास्ती त्यांच्या मनांत होती. औट्राम त्यांच्यांत राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस गेला, आणि दोन-तीन वर्षांत कांहीं शेंकड्यांची पलटण उभी राहिली.

येथें शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण? कवाईत शिकविण्यास औट्रामनें आपल्या जुन्या २३ व्या पलटणींतील माणसें आणलीं. परंतु डोंगरांत वाट कोणती, उन्हाळ्यांत पाणी कोठें मिळतें, पाऊलखुणा किती जुन्या हें कसें ओळखावें, हें भिल्लाला शिकविणारा कोणी नव्हता. तें तोच दुसऱ्यांना शिकवूं शकत होता. औट्रामच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. भिल्लांची तुकडी मालेगांवच्या छावणींत गेली तेव्हां २३ व्या पलटणींतील उंच जातीच्या शिपायांनीं त्यांना बरोबरीनें बसवून पानसुपारी दिली. दोनशें वर्षांपूर्वींचा तो काळ लक्षांत घेतला म्हणजे त्या पानसुपारीची किंमत कळते. माणूस ज्याच्याजवळ बसत नाहीं त्याच्याकडून कांहीं शिकतही नाहीं.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेंधव्याच्या घाटाची राखण पूर्वीं ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक इ. स. १८५७ सालीं उठला. ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणीस त्याच्या लोकांची सरकारी फौजेशीं मोठी झुंज झाली आणि भिल्लांची फार हानि झाली. भिल्ल पलटण त्या सर्व धामधुमींत सरकारच्या बाजूस राहिली. डोंगराचें जें ज्ञान एका नाइकानें दुसऱ्याला दिलें, तेंच पुढें त्याच्या भाऊबंदांचा माग काढण्यास उपयोगी पडलें. कोणत्याही सैनिकी विद्येचा विचार करतांना हा डाग पुसून टाकतां येत नाहीं. इ. स. १८९१ मध्यें ही पलटण पोलिसांत सामील करण्यांत आली.

बरोबरीच्यानें बरोबरीच्यास शिकविण्याची रीत शाळाखात्यासही हिंदुस्थानांतूनच मिळाली, आणि तीही शिपायांच्या मुलांमुळें. मद्रासेस एग्मोर येथें इ. स. १७८९ मध्यें शिपायांच्या पोरक्या मुलांसाठीं आश्रम निघाला. त्याचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनीं जवळच्या देशी पाठशाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितांना पाहिलीं. आपल्या आश्रमांतील पगारी शिक्षक ही नवी रीत पत्करीनात, तेव्हां त्यांनीं आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्कन नांवाच्या मुलाच्या हातीं खालचा वर्ग दिला. शिक्षकांना जें जमलें नाहीं तें त्या मुलानें करून दाखविलें. इ. स. १७९७ मध्यें बेलसाहेबांनीं तें वृत्त लंडनमध्यें छापलें आणि पुढें इंग्लंडांत या पद्धतीच्या शेंकडों शाळा निघाल्या. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेंत थोरल्या मुलानें धाकट्याला धूळपाटीवर अक्षर गिरवावयास लावणें ही रोजची गोष्ट होती. तिचें कोणीं पुस्तक लिहिलें नाहीं एवढेंच. गंमत अशी कीं आजही पलटणींत हल्ला समजावून सांगावयाचा असला कीं जमिनीवर वाळू पसरून टेकडी, नाला, वाट असा देखावा मांडतात आणि भोंवतीं नाईक-हवालदार उकिडवे बसतात. ती सैन्याची धूळपाटीच होय.

परंतु या विद्येची खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धांत, ब्रह्मदेशाच्या रानांत.

८ मार्च १९४२ रोजीं रंगून पडलें आणि मे महिन्यापर्यंत हिंदी व ब्रिटिश फौजा शेंकडों मैल मागें हटत हिंदुस्थानच्या सरहद्दीवर आल्या. या फौजांतील कित्येक तुकड्या वाळवंटांतील लढाईसाठीं तयार केलेल्या होत्या. त्यांच्याजवळ मोटारी होत्या, आणि मोटारीला सडक लागते. जपानी समोरून थोडा दबाव ठेवी, रानांतून वळसा घालून मागें येई, आणि सडकेवर झाडें पाडून अडथळा उभा करी. पुढची पलटण एकदम मागें वळून वाट मोकळी करण्याच्या खटपटीस लागे. हेंच पुनःपुन्हां झालें. आज वाचणारास आश्चर्य वाटतें कीं, एका पलटणीस जानेवारींत कळलेली गोष्ट दुसरीस मार्चमध्येंही नवी कशी वाटली! पण त्यांत आश्चर्य नाहीं. ज्यांना ती कळली ते एक तर मेले होते, किंवा इस्पितळांत होते, किंवा थकून मागें चालले होते. त्यांचें ऐकून घेणारी व्यवस्थाच नव्हती. पुढच्या हिंवाळ्यांत आराकानांत दोनबैक येथें जपान्यांच्या जमिनींत पुरलेल्या मोर्चांवर पुनःपुन्हां समोरून हल्ले झाले आणि ते सर्व फसले.

जून १९४३ मध्यें दिल्लीस पायदळाच्या स्थितीचा विचार करण्यासाठीं एक समिति बसली. पायदळास सर्वांत निकृष्ट भरती मिळते, आणि अर्धवट शिकलेली पोरें थेट रानांत ढकललीं जातात, हे दोष तिनें मान्य केले. तिच्या सूचनेवरून १४ वी आणि ३९ वी या दोन डिव्हिजनी लढाईवरून काढून केवळ शिकविण्याच्या कामास लावल्या; पहिली आपल्या विदर्भाला लागूनच छिंदवाड्यास, दुसरी सहारणपुरास. केंद्रांतून निघालेल्या जवानानें पलटणींत जाण्यापूर्वीं तेथें दोन महिने रानांत काढावयाचे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत रानांतील लढाईचें जें सरकारी पुस्तक नव्यानें छापलें गेलें त्याला सर्वजण ‘जंगल बुक’ म्हणत. शिवाय महायुद्धाच्या सर्व काळांत लष्कराच्या शिक्षणखात्याकडून ठराविक अंतरानें पत्रकें निघत असत. पलटणींनीं आपले अनुभव वर कळवावे, ते निवडून छापावे, आणि पुन्हां सर्व पलटणींस वाटावे, असा त्यांचा क्रम होता.

कागद निघाला म्हणजे काम झालें असें कचेरींतल्या माणसास वाटतें. पत्रकें इंग्रजींत असत. फौजेची बोली हिंदुस्थानी, आणि ती शिपायास रोमन लिपींत वाचावी लागे. खानदेशांतला जो गडी घरीं अहिराणी बोले आणि शाळेंत गेला असलाच तर बालबोध शिकलेला असे, त्यानें फौजेंत जाऊन रोमन अक्षरें शिकावयाचीं, त्यांतून हिंदुस्थानी वाचावयाची, आणि तिचा अर्थ मनाशीं आपल्या बोलींत लावावयाचा. तीन उंबरठे ओलांडून धडा आंत येई. तो आंत आणण्याचें काम शेवटीं कोणी केलें? ज्याला थोडें वाचतां येई त्या हवालदारानें, आणि वाचलेलें खरें कीं खोटें हें सांगणाऱ्या, नुकत्याच आघाडीवरून आलेल्या नाइकानें. छापील ओळीला त्यानें मान डोलावली तर ती ओळ पलटणींत चाले.

त्या काळच्या धड्यांपैकीं एक रात्रीच्या गोळीबाराविषयींचा आहे. जपान्यांच्या लहान टोळ्या अंधारांत मोर्चांच्या जवळ येत, फटाके वाजवीत, आरडाओरडा करीत. हेतु एकच: घाबरून कोणीतरी गोळी झाडावी, म्हणजे मशीनगन कोठें आहे हें त्यांना कळावें आणि इकडचा दारूगोळा उगाच संपावा. नव्या पलटणी रात्रभर हवेंत गोळ्या घालीत आणि सकाळीं पहावें तों समोर एकही प्रेत नाहीं. उपाय पुस्तकांत होता: दिसल्याशिवाय झाडूं नये, फारच जवळ आला तर हातबाँब टाकावा, कारण तो कोठून आला हें अंधारांत कळत नाहीं. परंतु वीस वर्षांच्या पोरानें, दहा हातांवर फांदी मोडल्याचा आवाज ऐकून, बोट घोड्यावरून काढून स्वस्थ बसावें, हें पुस्तकानें होत नाहीं. ‘आमच्याकडे असेंच झालें, आम्ही गप्प बसलों, पहांटे ते निघून गेले,’ असें सांगणारा माणूस शेजारच्या खंदकांत असावा लागतो.

दुसरा धडा हिंवतापाचा. चौदाव्या सैन्याचे सेनापति जनरल स्लिम यांनीं आपल्या आठवणींत एक आंकडा दिला आहे, तो कोणीही विसरूं नये असा आहे. इ. स. १९४३ मध्यें जखमी म्हणून मागें पाठवावा लागलेल्या दर एका माणसामागें आजारी म्हणून पाठवावीं लागलेलीं माणसें १२० होतीं. शत्रूपेक्षां डांसच फौज खात होता. मेपाक्रिन नांवाची पिवळी गोळी रोज घ्यावयाची आणि सूर्यास्तापूर्वीं बाह्या खालीं सोडावयाच्या, एवढाच उपाय. पण शिपायांत अशी आवई उठली कीं, या गोळीनें पुरुषत्व जातें. मग काय विचारतां! गोळी तोंडांत जाई आणि अधिकारी पुढें गेला कीं बाहेर येई. स्लिमसाहेबांनीं अचानक तपासण्या सुरू केल्या. शंभरांत पंचाण्णवांपेक्षां कमी माणसांच्या अंगीं औषधाचा अंश सांपडला कीं त्या पलटणीचा मुख्य अधिकारी बडतर्फ. तिघांनाच काढावें लागलें, बाकीचे समजले.

वरचा धाक असा कामास आला. पण आवई धाकानें मरत नाहीं. कर्नलसाहेबानें सांगितलें कीं ही गोळी निरुपद्रवी आहे, तर शिपाई मनांत म्हणणार कीं साहेब असें बोलणारच. तेंच आपल्या जिल्ह्याच्या, लग्न झालेल्या, रजेवरून परत आलेल्या नाइकानें हंसत सांगितलें, आणि आपली गोळी सर्वांदेखत गिळली, म्हणजे गोष्ट निराळी. स्लिमसाहेबांनीं स्वतः या यशाचें श्रेय वांटतांना सेनाधिकारी व डॉक्टर यांच्या बरोबरीनें नाईक-हवालदारांचेंही नांव घेतलें आहे. इ. स. १९४५ मध्यें सबंध चौदाव्या सैन्यांत आजारपणाचें प्रमाण दररोज हजारीं एक इतकें खालीं आलें.

मार्च १९४४ मध्यें जपानी फौज इम्फाळ व कोहिमा यांवर चालून आली तेव्हां उख्रूलच्या बाजूस पांचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण आधींपासून होती, आणि तिच्या शेजारीं ५० व्या छत्रीधारी ब्रिगेडची १५२ वी पलटण नव्यानेंच आली होती. १९ मार्चला हल्ला सुरू झाला आणि हे सर्व लोक सांगशाक येथें मागें येऊन एका खडकाळ टेकडीवर घेरले गेले. खडक असा कीं हातभर खणलें कीं पहार ठणठण वाजे. काटेरी तार नाहीं. पाण्याचा पुरवठा जवळजवळ नाहींच. विमानांतून टाकलेलें सामान बरेंचसें जपान्यांकडे पडे. २६ तारखेच्या रात्रीं उरलेल्यांना वाट काढून निघण्याचा हुकूम मिळाला. त्या कांहीं दिवसांनीं कोहिमाकडे जाणाऱ्या जपानी फौजेचा वेळ खाल्ला, असें पुढच्या इतिहासकारांनीं मान्य केलें आहे. नवी पलटण आणि जुनी पलटण यांनीं एकमेकांस रान दाखविण्यास त्यांना सवड मिळाली ती अशी, हातघाईवर.

आतां प्रश्न असा उरतो कीं, ही विद्या इतकी उपयोगी असेल तर ती आपोआप कां पसरत नाहीं? तिच्या वाटेंत कांटे बरेच आहेत. पहिला कांटा अब्रूचा. बरोबरीच्याला उपयोगी पडतो तो धडा बहुधा चुकीचा असतो, आणि आपली चूक सांगणें म्हणजे पलटणीची अब्रू चारचौघांत मांडणें, असें शिपाईगड्यास वाटतें. दुसरा कांटा बढतीचा. दोन नाइकांपैकीं एकच हवालदार व्हावयाचा असेल, आणि वार्षिक शेरा लिहिणारा अधिकारी तेथेंच बसलेला असेल, तर कोणता नाईक म्हणेल कीं, मागल्या गस्तींत माझ्याच हलगर्जीमुळें आम्ही वाट चुकलों? म्हणून अशीं बोलणीं सभेंत कमी आणि लंगराच्या धगीजवळ अधिक होतात. चांगला कंपनी-कमांडर हें ओळखतो आणि योग्य वेळीं तेथून उठून जातो. ही गोष्ट शाळेच्या हेडमास्तरासही लागू आहे, पण तो विषय वेगळा.

तिसरी अडचण थोडी नाजूक आहे. शौर्याची कथा आणि धडा या दोन भिन्न वस्तू आहेत. रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, पांचव्या मराठाच्या तिसऱ्या पलटणीचे, १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पडले. मशीनगनच्या माऱ्यांत त्यांच्या सेक्शनमधील इतर सर्व माणसें ठार किंवा जखमी झालीं. ते एकटे धांवून गेले, हातबाँबनें ती तोफ बंद पाडली, एकास गोळी घातली, उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्यानें मारलें, आणि दुसऱ्या बाजूनें आलेल्या गोळीनें स्वतः पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हें वाचून मान लवते, आणि ती लवावीच. पण ज्या नाइकास उद्यां अशाच उतारावरून जावयाचें आहे, त्याचे प्रश्न वेगळे असतात: सेक्शन त्या माऱ्यांत आली कशी? आडोसा होता का? बाजूनें जातां आलें असतें का? सन्मानपत्रांत या प्रश्नांचीं उत्तरें नसतात, कारण तें त्यासाठीं लिहिलेलेंच नसतें. मेलेल्या वीराविषयीं असें विचारणें कृतघ्नपणाचें वाटतें. वास्तविक तोच त्याच्या बलिदानाचा सर्वांत मोठा उपयोग आहे.

आणखी एक धोका असा कीं धडा शिळा होतो. रानांत जें सोनें ठरलें तें मोकळ्या मैदानांत माती ठरूं शकतें. इ. स. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें चौदावें सैन्य मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या, उघड्या माळावर उतरलें. त्यापूर्वींच कांहीं डिव्हिजनींस नव्यानें मोटारी देऊन वेगळी तयारी करून घ्यावी लागली. मैक्तिला घेतांना रणगाड्यांच्या जोडीनें वेगानें धांवावयाचें होतें. हळूहळू, झाडाआड लपत सरकण्याची दोन वर्षांत अंगीं मुरलेली संवय तेथें अडथळाच ठरली असती. ज्या नाइकांनीं रान शिकविलें त्यांनाच आतां विसरावयास शिकावें लागलें. नवीन शिकण्यापेक्षां हें अवघड आहे. जुन्या, नांवाजलेल्या माणसाचा शब्द खालीं पडत नाहीं, हा गुण अशा वेळीं दोष होतो.

स्वातंत्र्यानंतर या विद्येला पुष्कळ अधिक पक्कें घर मिळालें. बेळगांवीं, जेथें मराठा रेजिमेंटचें केंद्र इ. स. १९२२ पासून आहे, तेथेंच पायदळ विद्यालयाची कनिष्ठ नायकांची शाखा आहे; तरुण अधिकारी आणि नाईक-हवालदार यांना तेथें अत्यंत खडतर शिक्षण मिळतें. मिझोरममध्यें वैरंगटे येथें बंडखोरांशीं रानांत लढण्याची शाळा आहे. काश्मिरांत जाणाऱ्या पलटणीला आघाडीवर जाण्यापूर्वीं तेथील परिस्थितीचें वेगळें शिक्षण घ्यावें लागतें, आणि त्या शिक्षकांत नुकतेच त्याच डोंगरांतून उतरलेले हवालदार असतात. फौजेची लिखापढी रोमन अक्षरांतून सुटून देवनागरींत आली, हाही लहान फायदा नव्हे. तीन उंबरठ्यांतला एक तरी कमी झाला. ‘सैनिक समाचार’ हें लष्कराचें जुनें नियतकालिक, इ. स. १९०९ मध्यें ‘फौजी अखबार’ म्हणून निघालेलें, आज मराठीसुद्धां तेरा भाषांत निघतें.

खिशांतल्या टेलिफोनमुळें तर एका चौकींतून दुसरीकडे निरोप जाण्यास क्षणही लागत नाहीं. पण जो निरोप मित्राच्या हातीं इतक्या सहज पडतो तो शत्रूच्याही हातीं पडतो. जुलै १९२० नव्हे, २०२० मध्यें सेनादलानें जवानांना फेसबुकासह ८९ प्रकारचीं साधनें आपल्या फोनांतून काढून टाकण्याचा हुकूम दिला, आणि त्याच वर्षीं स्वतःसाठीं निराळें, सुरक्षित साधन तयार केलें. घरच्या माणसांना हा हुकूम कडक वाटला. ज्यांचा मुलगा सरहद्दीवर आहे त्यांनीं त्याच्या चौकीचें चित्र मागूं नये, एवढें मात्र यांतून स्पष्ट होतें. अशा बंदीनें नाइकानें नाइकाला सांगावयाची कित्येक उपयुक्त गोष्टही अडली असेल, हें नाकारतां येत नाहीं. तिच्यासाठीं दुसरी वाट सेनेनेंच करून द्यावयास हवी.

ती वाट एका ठिकाणीं अजून जुन्याच पद्धतीनें चालू आहे. एक पलटण चौकीवरून उतरणार असते आणि दुसरी चढणार असते. मध्यें कांहीं दिवस दोन्हीकडचीं माणसें एकत्र असतात. कागदोपत्रीं देवघेव अधिकारी करतात: इतक्या बंदुका, इतके डबे तेल, इतके नकाशे, खालीं सही. त्याच वेळीं जाणारा नाईक येणाऱ्या नाइकास घेऊन वाटेनें निघतो. या दगडावर दव पडलें कीं पाय सरकतो. येथून पुढें बोलूं नको, आवाज खालच्या वाडीपर्यंत जातो. त्या घरांतली म्हातारी सकाळीं मेंढ्या सोडते. ज्या दिवशीं सोडणार नाहीं त्या दिवशीं सावध रहा. या वळणावर आमचा एक गडी गेला. आम्ही रोज एकाच वेळेला येत होतों. येणारा नाईक ऐकतो, दगडाकडे पहातो, आणि विचारतो, ‘मग आतां तुम्ही किती वाजतां निघतां?’ जाणारा हंसून सांगतो, ‘तेंच तर, ठरलेलें नाहीं.’